बिनझेंड्याचा खेळाडू

१९७८च्या जुलैमध्ये फिलिपिन्समधल्या बागियो या थंड हवेच्या गावी बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाची लढत सुरू व्हायची होती, आणि पहिली खेळी होण्याआधीच झेंड्यावरून भांडण लागले. एका बाजूला जगज्जेता अनातोली कारपोव्ह, वय २७, मागे सोव्हिएत संघाचा लाल झेंडा. समोर व्हिक्टर कोर्चनॉय, वय ४७. त्याच्याकडे झेंडाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी तो देश सोडून निघाला होता. राहायला स्वित्झर्लंडमध्ये होता, पण तिथला नागरिक झालेला नव्हता. स्विस झेंड्याखाली खेळू द्या, ही त्याची मागणी फेटाळली गेली. शेवटी खेळाच्या टेबलावर कुणाचाच झेंडा नको, असा तोडगा निघाला.

या माणसाचे चरित्र मराठीत येत आहे. माझ्या पाहण्यातली बुद्धिबळावरची मराठी पुस्तके बहुतेक खेळ शिकवणारी: सुरुवात कशी करावी, शेवट कसा साधावा, कोडी सोडवा. खेळाडू माणूस म्हणून त्यांत फारसा भेटत नाही. त्यामुळे या विषयाकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या वाचकासाठी थोडी जमीन तयार करून देणे हे माझे काम, असे मी समजतो.

बुद्धिबळपटूंचे देशांतर ही शीतयुद्धाची देणगी नव्हे. पहिला जगज्जेता विल्हेल्म स्टाइनिट्झ प्रागमध्ये जन्मला, व्हिएन्नात नावारूपाला आला, वीसेक वर्षे लंडनमध्ये काढून अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्कमध्ये वारला. त्या काळी खेळाडू पोटामागे फिरत. कॅफेत पैसे लावून खेळणारे गिऱ्हाईक जिथे जास्त, तिथे बिऱ्हाड. रशियन क्रांतीनंतर चित्र पालटले. अलेक्झांडर अलेखिन १९२१मध्ये रशिया सोडून गेला तो परत आला नाही. फ्रान्सचा नागरिक म्हणून जगज्जेता झाला आणि १९४६मध्ये पोर्तुगालमधल्या एस्तोरिलच्या हॉटेलात एकटाच मेला. रीगाचा निम्झोविच कोपनहेगनमध्ये स्थिरावला, बोगोल्यूबोव्ह जर्मन झाला. मायदेशाने बोगोल्यूबोव्हचे नाव आपल्या इतिहासातून जमेल तितके पुसले, पण त्याच्या खेळ्या पुसता आल्या नाहीत.

मग १९३९. ब्युनोस आयरिसला ऑलिम्पियाड चालू असताना युरोपात महायुद्ध पेटले आणि कितीतरी खेळाडूंनी परतीची बोट पकडलीच नाही. पोलंडच्या संघातला मिगेल नाजडॉर्फ त्यांतला एक. ज्यू होता, मागे वॉर्सात सगळे घर होते. तो अर्जेंटिनात राहिला आणि वाचला. घरचे वाचले नाहीत. १९४७मध्ये साओ पाउलोत त्याने पटाकडे न पाहता एकाच वेळी ४५ जणांशी डाव मांडले, ३९ जिंकले, ४ बरोबरीत सोडवले, फक्त २ हरला. अशा विक्रमांची बातमी जगभर छापून येईल आणि कुठे कुणी नातेवाईक जिवंत असेल तर त्याच्या कानी आपले नाव पडेल, अशी आशा त्यामागे होती, असे तो सांगत असे. आज आपल्याकडची दहा-बारा वर्षांची मुले सिसिलियन बचावातला ‘नाजडॉर्फ’ सर्रास खेळतात. त्या नावामागे काय आहे हे त्यांना कुणी सांगत नाही.

नाजडॉर्फची गोष्ट परिस्थितीने अडकून पडलेल्याची. कोर्चनॉयची तशी नाही, तो स्वतः उठून निघाला. त्या निघण्याचा अर्थ कळायचा तर सोव्हिएत बुद्धिबळ ही काय चीज होती ते आधी पाहायला हवे.

१९२०च्या दशकात निकोलाय क्रिलेन्को या बोल्शेविक नेत्याने बुद्धिबळ हे सरकारी खाते करून टाकले. कारखान्यांत क्लब निघाले, शाळकरी मुलांसाठी ‘पायोनियर पॅलेस’मध्ये वर्ग आले, पगारी प्रशिक्षक आले. क्रिलेन्कोला त्याच राजवटीने १९३८मध्ये गोळी घातली. त्याने उभारलेली यंत्रणा मात्र टिकली, वाढली. १९४८मध्ये बोत्विनिक जगज्जेता झाला आणि त्यानंतर पाव शतक हे पद सोव्हिएत संघाबाहेर गेले नाही. ग्रँडमास्टर होणे म्हणजे सरकारी मानधन, घर, परदेशवारी. परदेशी जायचे तर क्रीडा समितीची परवानगी लागे, बरोबर कोण येणार ते वरून ठरे. थोडक्यात ग्रँडमास्टर हा नोकरदार होता. अशा नोकरदाराने देश सोडला की त्याला राजीनामा कुणी म्हणत नसे, गद्दारीच म्हणत.

कोर्चनॉय या यंत्रणेचेच अपत्य. जन्म २३ मार्च १९३१, लेनिनग्राड. आई ज्यू, पियानो वाजवणारी. आईवडील लवकर विभक्त झाले. दहा वर्षांचा असताना शहराला जर्मन सैन्याचा वेढा पडला तो ८७२ दिवस राहिला. त्यातल्या पहिल्या हिवाळ्यात शहरातल्या मुलांच्या वाट्याला दिवसाला १२५ ग्रॅम पाव येत होता, आणि तोही निव्वळ पिठाचा नव्हता. वडील १९४१च्या नोव्हेंबरात लाडोगा सरोवरावर वारले. सावत्र आईने, रोझा फ्रिडमनने, या पोराला जगवले. वेढा पुरता उठलाही नव्हता तेव्हा, १९४३मध्ये, तो पायोनियर पॅलेसच्या बुद्धिबळ वर्गात जाऊ लागला. पुढे व्लादिमीर झाक या गुरूच्या हाताखाली घडला, विद्यापीठात इतिहास शिकला, १९५६मध्ये ग्रँडमास्टर झाला आणि चार वेळा सोव्हिएत अजिंक्यपद जिंकले. त्या अजिंक्यपदाचा दर्जा असा की जगज्जेत्यालाही तिथे पहिल्या क्रमांकाची खात्री नसे.

त्याच्या खेळाबद्दल इथेच सांगून टाकतो. समोरच्याने प्यादे सापळा म्हणून पुढे केले तरी तो घ्यायचा, आणि मग तासन्तास मार खात बचाव करायचा. समोरचा दमला की उलटा हल्ला. फ्रेंच बचाव हे त्याचे आवडते हत्यार: चिंचोळी, कोंदट स्थिती आपणहून पत्करून तिच्यातून वाट काढायची. हत्ती-प्याद्यांच्या अंतिम डावांवरचे त्याचे पुस्तक आजही अभ्यासक बाळगतात. वेढ्यातल्या भुकेचा आणि प्याद्यांच्या या हावेचा संबंध जोडण्याचा मोह अनेक लेखकांना झाला आहे. मला तो मानसशास्त्राचा सवंग वापर वाटतो. मिखाईल ताल रीगातून निर्वासित होऊन वाढला आणि प्यादीच काय, घोडे-उंटसुद्धा उधळत खेळला.

१९७४मध्ये मॉस्कोत कारपोव्हविरुद्ध आव्हानवीर ठरवणारी अंतिम लढत झाली. २४ डाव, त्यांतले १९ बरोबरीत. कारपोव्ह ३–२ असा जिंकला. पुढच्या वर्षी तेव्हाच्या जगज्जेत्या बॉबी फिशरने खेळायलाच नकार दिला आणि कारपोव्ह पट न मांडता जगज्जेता झाला. म्हणजे मॉस्कोतली ती लढतच खरी जगज्जेतेपदाची होती, हे नंतर कळले. कारपोव्ह कामगार घराण्यातला, तरुण, पक्षाला मानवणारा. कोर्चनॉय तोंडाळ, वयस्क आणि यंत्रणेला नकोसा. एका युगोस्लाव्ह वृत्तपत्राला त्याने कारपोव्हच्या खेळाबद्दल चार खोचक वाक्ये सांगितली. त्यापायी मानधन कापले गेले, परदेशवारी बंद झाली. माझ्या मते निर्णय झाला तो इथे. ४४ वर्षांच्या खेळाडूचे वर्ष वाया घालवणे म्हणजे काय, हे त्याला बरोबर समजत होते.

बंदी उठल्यावर १९७६च्या उन्हाळ्यात तो ॲमस्टरडॅमच्या आयबीएम स्पर्धेला गेला आणि इंग्लंडच्या टोनी माइल्ससह पहिला आला. ‘राजकीय आश्रय’ हे शब्द इंग्रजीत कसे लिहायचे, असे त्याने माइल्सला विचारून घेतले, हा किस्सा बुद्धिबळाच्या वर्तुळात अजून रंगवून सांगतात. स्पर्धा संपल्यावर तो पोलीस चौकीत गेला. पत्नी बेला आणि मुलगा इगोर लेनिनग्राडलाच होते. डच सरकारने राहू दिले, पण राजकीय आश्रयाचा दर्जा दिला नाही.

त्या काळात बाहेर पडणारा तो एकटा नव्हता. प्रागमध्ये १९६८मध्ये रणगाडे शिरल्यावर लुबोमिर कावालेक निघून गेला. कट्टर कम्युनिस्ट असलेला लुडेक पाखमन तुरुंग भोगून पश्चिम जर्मनीत पोचला. गेन्ना सोसोन्को १९७२मध्ये रीतसर परवानगीने हॉलंडला गेला. लेव आल्बर्ट १९७९मध्ये जर्मनीत थांबला. इगोर इव्हानोव्ह १९८०मध्ये क्यूबाहून परतताना विमान इंधनासाठी कॅनडातल्या गँडरला उतरले तेव्हा निसटला. बोरिस गुल्कोला परवानगीच मिळेना. तो आणि त्याची खेळाडू पत्नी उपोषणे करीत सात वर्षे लटकले. यांतल्या प्रत्येकावर पुस्तक होऊ शकते. पण देश सोडल्यावर आधीपेक्षा चांगला खेळू लागलेला, आणि तोही पंचेचाळिशीनंतर, असा कोर्चनॉय एकटाच.

सोव्हिएत संघाने त्याच्यावर बहिष्कार टाकला. ज्या स्पर्धेत कोर्चनॉय, तिथे आमचे खेळाडू येणार नाहीत. आयोजकांनी काय करावे? एकाला बोलवायचे की एका अख्ख्या देशाच्या ग्रँडमास्टरांना? बहुतेकांनी सोपा मार्ग धरला. सोव्हिएत ग्रँडमास्टरांच्या सह्यांचे निषेधपत्रही निघाले. बोत्विनिक, स्पास्की, ब्रॉनस्टाइन आणि गुल्को यांनी सही केली नाही, याची नोंद घ्यायला हवी. मात्र आव्हानवीरांच्या लढतींवर बहिष्कार घालायचा तर जगज्जेतेपदावर पाणी सोडावे लागले असते. तिथे खेळणे भाग होते आणि कोर्चनॉयने तिथेच उट्टे काढले. पेट्रोसियान, पोलुगायेव्हस्की, स्पास्की असे तिघे ओळीने हरवून तो बागियोत पोचला.

बागियोबद्दल चमत्कारिक गोष्टी फार सांगितल्या जातात. दुसऱ्या डावात कारपोव्हला जांभळ्या रंगाचे दही आणून दिले गेले आणि कोर्चनॉयच्या गोटाने आक्षेप घेतला: दह्याच्या रंगातून किंवा वेळेतून सांकेतिक निरोप जात नसेल कशावरून? शेवटी कोणता वाढपी कोणते दही केव्हा आणणार ते ठरवून द्यावे लागले. सोव्हिएत गोटातले मानसशास्त्रज्ञ डॉ. झुखार प्रेक्षकांत बसून कोर्चनॉयवर नजर रोखून धरत. उलट कोर्चनॉय आरशाचा चष्मा घालून बसे. पुढे त्याने आनंदमार्गाचे दोन अमेरिकन साधक ध्यानधारणेसाठी गोटात आणले. भगव्या वेशातले हे दोघे मनिलातल्या भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यावरील हल्ल्याच्या खटल्यात शिक्षा होऊन जामिनावर सुटलेले होते. आणीबाणीत आनंदमार्गावर बंदी आली होती ती ज्यांना आठवते, त्यांना हा योगायोग गंमतीचा वाटणार नाही. सोव्हिएत गोटालाही वाटला नाही.

हे सगळे खरे, पण त्याच्या धुरळ्यात खेळ दिसेनासा होतो. सहा विजय आधी मिळवील तो जिंकणार, असा नियम होता. सतराव्या डावात कोर्चनॉय घड्याळाच्या काट्यावर आला आणि कारपोव्हच्या दोन घोड्यांनी त्याच्या राजाला कोपऱ्यात गाठले. सत्ताविसाव्या डावानंतर ५–२. आणखी एक डाव हरला की संपले. तिथून त्याने अठ्ठाविसावा जिंकला, एकोणतिसावा जिंकला, एकतिसावा जिंकला. ५–५. तीन महिन्यांची लढत एका डावावर येऊन ठेपली आणि बत्तिसाव्यात कारपोव्ह जिंकला. तहकूब झालेला तो डाव पुढे खेळायला कोर्चनॉय गेलाच नाही, निषेधासह हार कळवली. चार दिवस आणखी तग धरली असती तर काय झाले असते, या प्रश्नाला अर्थ नाही हे कळत असूनही तो पडतो.

तीन वर्षांनी इटलीत मेरानोला पुन्हा तीच जोडी. या वेळी कोर्चनॉय ६–२ असा सरळ हरला. का, याचे उत्तर पटावर शोधून पुरणार नाही. आईबरोबर देश सोडण्याची परवानगी मागणाऱ्या इगोरला सैन्यात भरतीचा हुकूम आला, तो त्याने पाळला नाही आणि अडीच वर्षांची छावणीतली सक्तमजुरी ओढवून घेतली. बाप मेरानोत खेळत होता तेव्हा मुलगा छावणीत होता. कुटुंबाला सोडा म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघाचे अध्यक्ष फ्रिड्रिक ओलाफसन यांनी लढतीची तारीख पुढे ढकलून पाहिली, उपयोग झाला नाही. १९८२मध्ये इगोर सुटला, मायलेक बाहेर पडले. तोवर कोर्चनॉयचे आयुष्य पेट्रा लीवेरिक या स्त्रीशी जोडले गेले होते. तिला स्वतःला तरुणपणी सोव्हिएतांनी व्हिएन्नातून उचलून व्होर्कुटाच्या छावणीत डांबले होते. बेलाशी घटस्फोट झाला. देश सोडण्याची किंमत सोडणाऱ्याने किती भरली आणि मागे राहिलेल्यांनी किती, हा हिशेब या चरित्रात वारंवार समोर येतो. लेखकाने तो कोर्चनॉयच्या बाजूने झुकवलेला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

कारण कोर्चनॉयवरचे लिखाण फार काळ बाजू घेऊनच झाले. सोव्हिएत लेखणीला तो आधी गद्दार आणि मग नावच न घेण्याजोगा. पाश्चात्त्य वार्ताहरांना तो स्वातंत्र्याचा लढवय्या. त्यांच्या वर्णनांत कारपोव्ह थंड डोक्याचे यंत्र असतो. तिसरा प्रवाह त्याच्या स्वतःच्या आत्मकथनांचा. ती वाचनीय आहेत, पण त्यांत शत्रूंची यादी मोठी आणि स्वतःच्या चुकांची लहान. सोव्हिएत संघ कोसळल्यावर चौथा प्रवाह आला. केजीबीचा माजी अधिकारी व्लादिमीर पोपोव्ह, इतिहासकार युरी फेल्श्टिन्स्की, गुल्को आणि खुद्द कोर्चनॉय यांनी मिळून गुप्तहेर खाते बुद्धिबळात काय काय करी त्यावर पुस्तक लिहिले. शेवटी सोसोन्को. लेनिनग्राडच्या दिवसांपासूनचा हा सहकारी. कोर्चनॉयच्या मृत्यूनंतर त्याने लिहिलेले पुस्तक मला सगळ्यांत सरस वाटते. त्यात प्रेम आहे, पण भोळेपणा नाही.

माझे मत स्पष्टच मांडतो. कोर्चनॉय लोकशाहीसाठी पळाला नाही, खेळायला मिळावे म्हणून पळाला. बंडखोर तो नंतर झाला, तेही यंत्रणेने त्याच्या घरच्यांवर हात टाकला तेव्हा. प्रस्तुत लेखक माझ्याशी पूर्ण सहमत नाहीत. त्यांच्या मते वेढ्यापासून १९७४पर्यंत जे साचत गेले तेही राजकारणच होते. वाचकाने पुस्तक वाचून ठरवावे.

मेरानोनंतरच्या आयुष्याला बहुतेक चरित्रकार पाच-दहा पाने देतात, इथे ते तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आहे, आणि ते योग्यच आहे. १९८३मध्ये आव्हानवीरांच्या लढतीसाठी कास्पारोव्ह अमेरिकेतल्या पॅसाडेनाला आला नाही तेव्हा नियमाने कोर्चनॉय न खेळता पुढे गेला होता. तरी तो लंडनला पुन्हा खेळायला तयार झाला; त्या समेटात सोव्हिएत बहिष्कार संपला आणि तो लढत हरला. पुढे सोव्हिएत नागरिकत्व परत देऊ केले गेले ते त्याने घेतले नाही, स्विस नागरिक झाला. ७५व्या वर्षी ज्येष्ठांचा जगज्जेता झाला. २०११मध्ये जिब्राल्टरला, ऐंशीला दोन महिने कमी असताना, १८ वर्षांच्या फाबियानो कारुआनाला हरवले आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडचे अजिंक्यपद जिंकले. ६ जून २०१६ रोजी वोलेन गावी तो गेला. आपल्याकडच्यांना माहीत असावा असा एक पराभवही या आयुष्यात आहे: १९८२मध्ये लंडनच्या लॉइड्स बँक स्पर्धेत कोलकात्याच्या दिब्येंदू बरुआने त्याला हरवले. बरुआ तेव्हा शाळकरी पोर होता.

हे सगळे आज का वाचायचे? कारण देशांतराचा काळ संपलेला नाही. मॉस्कोत इस्रायली खेळाडूंशी गाठ पडू नये म्हणून इराणने २०१९मध्ये आपल्या खेळाडूंना स्पर्धेतून मागे घेतले आणि अलीरझा फिरोझा इराणी झेंडा सोडून निघाला, पुढे फ्रेंच झाला. सारा खादेम २०२२च्या डिसेंबरात कझाकस्तानात हिजाबाविना खेळली आणि मायदेशी परतण्याऐवजी स्पेनला गेली. युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाचे ग्रँडमास्टर सर्बिया, स्लोव्हेनिया, इंग्लंड, ऑस्ट्रिया असे पांगले. माजी जगज्जेती कोस्तेनियुक आता स्वित्झर्लंडकडून खेळते. २०२२चे ऑलिम्पियाड चेन्नईला आले तेही मॉस्कोकडून काढून घेतले म्हणून. तो सोहळा आपण अभिमानाने पाहिला, पण तो आपल्या दारी कसा पोचला याची चर्चा मराठी वर्तमानपत्रांत मी फारशी वाचली नाही.

आपल्या खेळाडूंवर अशी पाळी आलेली नाही. आनंद बरीच वर्षे स्पेनमध्ये राहिला, पण तिरंग्याखालीच खेळला. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५मध्ये बातुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला. तिला कुठे खेळायचे, कुणाशी खेळायचे आणि नंतर काय बोलायचे यासाठी कुणाकडे अर्ज करावा लागला नाही. यात विशेष काय, असे ज्याला वाटेल त्याने १९७४ ते १९७६ ही प्रकरणे सावकाश वाचावीत.

वाचण्याच्या पद्धतीबद्दल एक सूचना. पुस्तकातले डाव केवळ सजावटीसाठी दिलेले नाहीत, त्यांच्यावाचून माणूस अर्धाच कळेल. खेळ्या मराठी अक्षरांत लिहिल्या आहेत, थोड्या सवयीने जमतात. मोबाइलवरच्या यंत्राला विचारू नका. साधा पट घ्या आणि १९७४च्या लढतीतला एकविसावा डाव आधी मांडा, तो सगळ्यांत आखूड आहे. तेराव्या खेळीला पांढरा घोडा कारपोव्हच्या राजाशेजारचे प्यादे मारतो आणि काळ्याचा पट उधळतो. अठराव्या खेळीला कोर्चनॉयला किल्लेकोट करायचा होता, पण काळ्या उंटाचा मारा त्याच्या हत्तीवर होता. वीस वर्षे ग्रँडमास्टरांत वावरलेला हा माणूस खुर्चीतून उठला आणि हत्तीवर मारा असताना किल्लेकोट चालतो का, असे त्याने पंच ओ’केली यांना विचारले. चालतो, असे पंचांनी सांगितले. पुढच्याच खेळीला कारपोव्हने डाव सोडला.